जेएमटी, नोंद ३ : सरासरी तीच, मग ५ चे ११ कसे?

जेएमटी (जावा मॉडेलिंग टूल्स) म्हणजे रांगांचं गणित आणि सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर. रांगांचं जाळं अजून जोडलेलं नाही. या टप्प्यात जेसिमग्राफवर (जेएमटीतला चित्र मांडून सिम्युलेशन करायचा भाग) एकच रांग: सोर्स (इथून जॉब येतात), क्यू (थांबतात आणि सेवा घेतात), सिंक (बाहेर पडतात). एका रांगेचं उत्तर कागदाशी जुळल्याशिवाय दहा स्टेशनं मांडण्यात अर्थ नाही.

सेकंदाला ०.८ जॉब येतात, सेवेला सरासरी १ सेकंद, आगमनातलं अंतर आणि सेवा दोन्ही एक्स्पोनेन्शियल (यादृच्छिक, प्रमाण विचलन सरासरीइतकंच), एफसीएफएस (आधी येईल त्याला आधी सेवा). कागदावर रिस्पॉन्स टाइम (थांबणं अधिक सेवा) १/(१−०.८) = ५ सेकंद; लिटलच्या नियमाने (आगमनाचा दर × रिस्पॉन्स टाइम) स्टेशनात सरासरी ४ जॉब. पहिल्या रनला आकडा नुसता चढत राहिला. आगमनाच्या खिडकीत लॅम्डा (दर) आणि मीन अशा दोन चौकटी असतात, ०.८ मीनमध्ये पडलं होतं. मीन म्हणजे दोन जॉबमधलं अंतर, ते १.२५ हवं. मीन ०.८ ठेवला तर सेकंदाला १.२५ जॉब येतात आणि सर्व्हर उरकतो एकच.

मग सेवा हायपरएक्स्पोनेन्शियल (जास्त चढउताराची) केली: सरासरी तीच १, सी = २. पोलाचेक-खिंचिनच्या सूत्राने थांबणं ०.८ × (१+४) / (२ × ०.२) = १०, वर सेवेचा १, एकूण ११. इथे सी म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, त्याचा वर्ग नव्हे. चौकटीत ४ टाकलंत तर वर्ग १६ होतो आणि उत्तर ३५ येतं. चूक दिसतही नाही, कारण ३५ च्या शेजारीही (हवी तेवढी अचूकता मिळाल्याची) हिरवी खूणच उमटते.

खूण लाल आली तर नमुने कमी पडले. मूळ सेटिंग ९९ टक्के विश्वास, ३ टक्के चूक, कमाल १० लाख नमुने. अशा चढउताराच्या रांगेत लागोपाठच्या जॉबचे आकडे एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून चुकीची मर्यादा सैल करण्यापेक्षा नमुने ५० लाखांवर न्यावेत.

हेच मॉडेल जेएमव्हीएत (जेएमटीतला सिम्युलेशनऐवजी सूत्रांनी उत्तर काढणारा भाग) घातलं की उत्तर ५. त्यात सी भरायला जागाच नाही! जेसिमग्राफमध्ये एफसीएफएसच्या जागी प्रोसेसर शेअरिंग (सगळ्या जॉबना एकाच वेळी थोडी थोडी सेवा) निवडलं तर मात्र सी = २ असूनही ५ च्या आसपास येतं; छोटा जॉब मोठ्याच्या मागे ताटकळत नाही.

पुढचं बंद जाळं (ठरावीक ग्राहक आतच फिरत राहतात): विचारवेळ (ग्राहकाचा दोन विनंत्यांमधला वेळ) ०.९२ सेकंद, सीपीयू ०.०३ (शेअरिंग), डिस्क ०.०५ (एफसीएफएस). डिस्कमुळे कमाल सेकंदाला १/०.०५ = २०, वळण (जिथून डिस्कची कमाल आड येऊ लागते) (०.९२+०.०३+०.०५)/०.०५ = २० ग्राहकांपाशी. डिस्कचा सी १ असेल तरच जेएमव्हीए, नाहीतर सिम्युलेशन.