वकील लिंकनचं स्प्रिंगफील्ड

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या स्प्रिंगफील्डला बहुतेक जण राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन पाहायला येतात. आम्ही आलो ते आमदार आणि वकील लिंकनसाठी. शिकागोहून इथवर साधारण 320 किलोमीटर. रेल्वे येते आणि स्टेशन गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे गाडी नसली तरी चालतं.

सुरुवात जुन्या विधानभवनापासून करावी. लिंकन 1834 ते 1842 अशा चार मुदती राज्याच्या विधानसभेत होते. राजधानी सुरुवातीला वँडेलिया गावात होती. सँगमन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नऊ उंच्यापुऱ्या लोकप्रतिनिधींनी, म्हणजे ‘लाँग नाइन’नी, 1837 मध्ये ती स्प्रिंगफील्डला आणण्याचा ठराव जिंकला. त्यांत लिंकन होतेच. ही इमारत 1960च्या दशकात दगड न् दगड उतरवून पुन्हा उभारली. म्हणून बाहेरचे दगड मूळचे, आतली बांधणी नवी. खाली सुप्रीम कोर्टाचं दालन आहे, तिथे नक्की थांबा. लिंकननी या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात 200हून अधिक खटले लढवले. त्यांतला इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा खटला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. काउंटीला रेल्वेवर कर लावता येतो का, हा प्रश्न होता. निकाल 1856 मध्ये रेल्वेच्या बाजूने लागला, पण 5000 डॉलर फी मिळवायला लिंकनना आपल्याच अशिलावर, म्हणजे रेल्वेवर, दावा लावावा लागला!

रस्ता ओलांडला की सहावा रस्ता आणि अ‍ॅडम्स रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांची कचेरी. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला धरतात, तेव्हा पाटीवरचा ‘तिसरा मजला’ म्हणजे आपला दुसरा. त्याच्या खालच्याच मजल्यावर केंद्रीय न्यायालय भरे. वकिलाला याहून सोयीची जागा कोणती? सर्किटच्या, म्हणजे गावोगावी फिरत भरणाऱ्या कोर्टाच्या, दिवसांत मात्र वसंतात आणि शरदात आठवडेच्या आठवडे घोड्यावर किंवा बग्गीतून एकेका काउंटीचं कोर्ट गाठावं लागे. रस्ते चिखलाचे, मुक्काम खाणावळीत, आणि खोलीत न्यायाधीशांसकट सगळे.

लिंकनचं घर शेवटी पाहावं. 1844 मध्ये ते 1200 डॉलर रोख आणि एक भूखंड देऊन घेतलं होतं. कचेरीपासून चालत दहाएक मिनिटं. प्रवेश फुकट आहे, पण गटागटानेच आत सोडतात. तिकिटं घराच्या दारात मिळत नाहीत, ती सातव्या रस्त्यावरच्या अभ्यागत केंद्रातून घ्यावी लागतात. थेट घरापाशी जाणाऱ्यांना उलट पावली यावं लागतं, आणि उन्हाळ्यात दुपारी पुढच्या गटासाठी ताटकळावं लागतं. सकाळी लवकर जाऊन तिकीट घ्या आणि मधल्या वेळात त्या गल्लीतली शेजाऱ्यांची जुनी घरं पाहा.