जोडी की नुसती गर्दी?

पेशीपटलावरचे दोन रिसेप्टर (बाहेरचा संदेश टिपणारी प्रथिनं) जोडीने वावरतात का, हे जिवंत पेशीत बघणं हे माझं काम. एकाला निळसर चमकणारं प्रथिन जोडायचं, दुसऱ्याला पिवळं. दोघं साधारण १० नॅनोमीटरच्या आत आले तरच निळ्याची ऊर्जा पिवळ्याकडे जाते. अंतर वाढलं की तिचा वेग सहाव्या घाताने घसरतो. हे गणित जर्मन शास्त्रज्ञ फोर्स्टरचं, १९४८ सालचं. मग लेझरने पिवळं विझवायचं. निळं उजळलं, की समजायचं दोघं जवळ होते.

"म्हणजे जोडी पक्की?" सोलापूरच्या मामांनी विचारलं. छे! मामा, गड्ड्याच्या जत्रेत अनोळखी माणसंही खेटूनच चालतात की. म्हणून रिसेप्टर भरमसाट झालेल्या, झगझगीत पेशी (फोटोत त्याच देखण्या दिसतात!) मी सोडून देते. शिवाय जोडी न करणारं एखादं पटलावरचं प्रथिन तुलनेला ठेवतेच.