समुद्र पूर्वेलाही आहे जी

"समुद्रच पाहाचा हाय त गोव्याले काऊन नाही जात जी?" मी समुद्र बघायला आंध्रातल्या विशाखापट्टणमला जातो, म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तुमसरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, देव्हाडीच्या फलाटावर, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. त्याच्या मागोमाग दुसरा, जरा हळू आवाजात: "अन् खर्च किती येते?" सगळेच विचारतात म्हणून दोन्हींचं एकदाच लिहून टाकतो.

आपल्याकडे समुद्र म्हटलं की मुंबई. सरकार तिकडे, नोकरीला गेलेला भाचाही तिकडेच. पण गोंदियाहून रेल्वेनं मुंबई साडेनऊशे किलोमीटरच्या वर पडते आणि विशाखापट्टणम सातशेच्या आसपास. कोकण-गोवा बघायचं आणि मुंबईमार्गे गेलात तर पुढे पुन्हा वेगळी गाडी. मधे एक रात्र मुंबईत काढावी लागली की लॉजवाल्यानं निम्मी सहल गिळलीच म्हणून समजा.

मी समता एक्सप्रेसनं जातो. ती दिल्लीच्या निजामुद्दीनहून येते आणि नागपूर, गोंदिया, रायपूर, टिटलागढ, रायगडा, विजयनगरम असं करत विशाखापट्टणमला पोचते. रोज नसते, म्हणून वार बघूनच रजा टाकायची. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत येतं. 2024 पासून दुर्गहून वंदे भारतही सुटते, पण खर्च विचारणाऱ्याला ती सांगण्यात अर्थ नाही.

या लाइनीचं मला वेगळंच कौतुक आहे. आपल्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजच्या खदानी आहेत. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातलं हे मॅंगनीज परदेशी पाठवायचं तर मुंबई लांब, कलकत्ता त्याहून लांब. म्हणून बंगाल नागपूर रेल्वेनं पूर्वघाट फोडून रायपूर–विजयनगरम लाइन टाकली, ती 1931 मध्ये पूर्ण झाली. त्याच मालासाठी विशाखापट्टणमला खाडी खोल करून बंदर बांधलं. 7 ऑक्टोबर 1933 ला 'जलदुर्गा' हे पहिलं मोठं जहाज आत आलं. म्हणजे आपल्या खदानीतल्या काळ्या दगडाला समुद्राचा जवळचा रस्ता नव्वद वर्षांपूर्वीच ठाऊक होता. आपण माणसं अजून मुंबईच्या गाडीची वेटिंग लिस्ट तपासत बसतो.

ते बंदर फुकटात बघता येतं. जुन्या गावाच्या टोकाला तीन टेकड्या आहेत. एकीवर रॉस हिलचं चर्च, एकीवर दर्गा, एकीवर व्यंकटेश्वराचं मंदिर. वर चढून बसलं की बंदरात शिरायची चिंचोळी वाट थेट पायाखाली दिसते. समोर डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात घुसलेला, त्याच्या आडोशानं आतलं पाणी शांत राहतं. एवढं मोठं जहाज एवढ्याशा फटीतून आत कसं घेतात, हे बघण्यात माझा तासच्या तास जातो. बायको तोवर सावली शोधून शेंगा फोडत बसते. तिला जहाजांत काडीचा रस नाही, तिला पहाटेच्या फिशिंग हार्बरवरचा लिलाव आवडतो. त्यालाही पैसे लागत नाहीत, फक्त वास सोसायची तयारी लागते.

मुक्कामाचं सोपं आहे. पक्कं तिकीट असेल तर स्टेशनवरच्या रेल्वेच्या विश्रामगृहात जागा ऑनलाइन धरता येते, डॉर्मिटरी सगळ्यात स्वस्त. ती नाही मिळाली तर स्टेशनजवळ लॉज आहेत. समुद्रासमोरची खोली घेऊ नका. खिडकीतल्या समुद्राचे पैसे भरायचे आणि दिवसभर फिरायचं बाहेर, हा कुठला हिशेब? सिटी बस स्वस्त आहे. पाट्या तेलुगूत असतात, पण नंबर वाचता येतो, तेवढ्यावर काम भागतं. नौदल, रेल्वे आणि स्टील प्लांटमुळे शहरात देशभरची माणसं आहेत, म्हणून हिंदी चालून जाते.

खाण्याचं तर आपलं जमूनच जातं. आपण धानाच्या मुलखातली माणसं, त्यांच्याही ताटात भात. दुपारी 'मील्स' लिहिलेल्या खानावळीत बसायचं. पप्पू म्हणजे घट्ट वरण, मग सांबार, रसम, शेवटी दही, आणि भात पुरे म्हणेपर्यंत वाढतात. लोणचं मात्र जपून. आपल्याला तिखटाचा फार अभिमान आहे, तो तिथे पहिल्या घासाला उतरतो.

बीच रोडवर कुरसुरा पाणबुडी ठेवली आहे. सोव्हिएत बनावटीची, 1969 मध्ये नौदलात आलेली, 1971 च्या युद्धातही होती. किरकोळ तिकिटात आत शिरून पाहता येते, सोमवारी बंद. तिथूनच बसनं किनाऱ्या-किनाऱ्यानं भीमुनिपट्टणमपर्यंत जा. वाटेत थोटलकोंड्याच्या टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. तिथली गर्दी कमी आणि समुद्र जास्त, म्हणून मला कैलासगिरीच्या टेकडीवरच्या बागेपेक्षा तीच जागा आवडते.

एक दिवस राखून ठेवा सकाळच्या किरंदूल पॅसेंजरसाठी. छत्तीसगडातल्या बैलाडिल्याचं लोखंड बंदरात आणायला घातलेला हा घाटमार्ग, पन्नासहून जास्त बोगदे. बोर्रा गुहालू स्टेशनला उतरून चुनखडीच्या गुहा पाहायच्या, नाहीतर सरळ अराकूच्या खोऱ्यापर्यंत जायचं. काचेच्या डब्याचं तिकीट महाग असतं, साध्या डब्याच्या खिडकीतूनही दरी तीच दिसते. खिडकी मिळवायला लवकर जावं लागतं, एवढंच.

कधी जायचं? धान चुरून झाल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर वादळं येतात. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुदनं ते शहर पार झोडपलं होतं. एप्रिल-मेमध्ये घामानं जीव जातो, आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथे काही कामाची नाही.

आणि पोरं हमखास विचारतात, पोहता येते का? शहरातल्या आर. के. बीचवर नाही. तिथे खाली ओढ आहे, माणसं बुडाली आहेत. बोडीत आणि तलावात पोहून वाढलेल्या पोरांना पाण्याची भीती नसते, म्हणून त्यांना जास्तच सांगावं लागतं. गुडघाभर पाण्यात उभं राहा, लाट अंगावर घ्या, बाहेर या. कपड्यांचा एक जोड जास्तीचा न्या. खारट पाण्यानं भिजलेले कपडे तिथल्या दमट हवेत वाळता वाळत नाहीत.