आमची वाटचाल : पहिला नग

१९९८ साली बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर आम्ही सुरुवात केली. आज तीन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) आहेत, चौदा माणसं आहेत. हायड्रॉलिक सिलिंडरचे बुश आणि ग्लँड हे गोल सुटे भाग बनवतो. निम्मी माणसं खानापूरकडची मराठी, निम्मी बैलहोंगल-गोकाककडची कानडी. वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती, लगेच तृतीयेला बसव जयंती. दोन्ही दिवस शेड बंद. भाषेवरून आमच्याकडे कधी शब्दाला शब्द लागला नाही.

आम्हाला नडली ती मोठ्यांसमोर तोंड न उघडण्याची सवय.

२०११ मध्ये ४० मिलिमीटर बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, ३०० बुश परत आले. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि भोक तपासायच्या प्लग गेजची 'नो-गो' बाजू, जी आत जाताच कामा नये, ती सरळ आत जात होती; म्हणजे भोक मोठं झालं होतं. मशीनजवळच्या हेल्परला ते पहिल्याच तासात दिसलं होतं. का बोलला नाहीस म्हटलं, तर खाली बघत म्हणाला, "मालक, मामांना कसं सांगायचं?" मामा म्हणजे आमचे मेस्त्री, त्याच्या वडिलांच्या वयाचे. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. वडिलांच्या शब्दापुढे मी तरी कधी गेलो होतो? ग्राहकानं १५ दिवसांत माल मागितला, की २२ लागणार हे ठाऊक असूनही मी "होय साहेब"च म्हणत आलो होतो.

पुढे एका प्रशिक्षणात हॉफस्टेड या डच अभ्यासकाचं काम कळलं. अनेक देशांतल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून, वरचा-खालचा हे अंतर लोक किती मान्य करतात ते त्यांनी मोजलं. भारताचा आकडा ७७, त्यांच्या नेदरलँड्सचा ३८. टोयोटात साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हेही तिथंच ऐकलं. परत येऊन मी उत्साहानं सूचनापेटी लावली. वर्षभरात एक चिठ्ठी पडली नाही.

तोड काढली ती मामांनी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तसं त्यांनी गेजला हळदकुंकू लावलं, त्या पोराच्या हातात दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "परवापासून माझा पहिला नग तू बघायचास. चुकला असला तर सांगायचं. हा माझा हुकूम."

हुकूम म्हटल्यावर प्रश्नच मिटला. न सांगणं हाच आता मामांचा अवमान झाला असता.

त्यानंतरही नग परत आले, पण ३०० चा ढीग पुन्हा लागला नाही. मामा २०१९ मध्ये निवृत्त झाले. तो पोरगा आता सीएनसी बघतो. रोज सकाळी पहिला नग घेऊन शेडमधल्या सगळ्यात लहान मुलाकडे तो स्वतः चालत जातो.