जुनी गाणी सिलोनवरच का लागत?

माझ्याकडे व्हॉल्व्हचे जुने रेडिओ आहेत, हे कळले की एक प्रश्न हमखास येतो : हिंदी चित्रपटांची जुनी गाणी ऐकायला आपल्या लोकांना थेट कोलंबोचे केंद्र, म्हणजे सिलोनचे (आजच्या श्रीलंकेचे) ‘रेडिओ सिलोन’, का लावावे लागत असे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुष्कळांना वाटते की सिलोनवाल्यांना आपल्या संगीताचे वेड होते. वेड असेलही, पण मुळात हा प्रकार युद्ध, सरकारी हट्ट आणि टूथपेस्ट यांच्या योगायोगातून घडला.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी ब्रिटिशांनी सिलोनमध्ये ‘रेडिओ सीॲक’ उभारले. त्यासाठी आणलेले १०० किलोवॅटचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपक कोलंबोजवळच्या ‘एकाला’ नावाच्या गावी बसवले गेले आणि १९४९ मध्ये ते सिलोन सरकारच्या हाती आले. एवढ्या छोट्या देशाला एवढे दांडगे यंत्र मिळाल्यावर त्याचा आवाज शेजाऱ्याच्या घरात जाणारच. १९५० मध्ये तेथे व्यापारी सेवा सुरू झाली आणि जाहिरातदारांना भारताची बाजारपेठ दिसू लागली.

इकडे १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि आकाशवाणीवर त्यांनी पुष्कळ गुणी कलावंत आणले, हे मान्य करावेच लागेल. मात्र चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करून, गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे सरकारने ठरवल्यावर निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा, बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीवर चालणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निवेदक अमीन सायानी मुंबईत बोलत आणि ध्वनिफिती विमानाने कोलंबोला जात. म्हणजे मुंबईचे गाणे समुद्र ओलांडून मुंबईतच परत येई. गंमत अशी, की रेडिओ बाळगण्याचा परवाना आम्ही भारत सरकारच्या टपाल कचेरीत पैसे भरून घ्यायचो आणि ऐकायचो मात्र परक्या सरकारचे केंद्र.

लहान गावांचा प्रश्न तर आणखी वेगळा होता. नागपूरचे केंद्र १९४८ चे, पुण्याचे १९५३ चे, सांगलीचे १९६३ चे. या केंद्रांच्या मीडियम वेव्हच्या पट्ट्याबाहेर, त्यातही दिवसा, फारसे काही नीट लागत नसे. शॉर्टवेव्हच्या लहरी मात्र वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर आदळून शेकडो मैलांवर खाली उतरतात. म्हणून आडगावातल्या घरातही गच्चीवर एरियलची जाळी ताणली, बँडचे बटण पंचवीस किंवा एकेचाळीस मीटरवर आणले आणि काटा केसाएवढा इकडेतिकडे सरकवला, की कोलंबो सापडत असे. आवाज लाटेसारखा चढायचा आणि उतरायचा. ऐन अंतऱ्यात गायिका दूर जायची आणि सम येईपर्यंत परत यायची. आजच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात ती गाणी मला थोडी उघडी वाटतात, पण हा सवयीचा दोष असावा.

राहता राहिला तुमच्या प्रश्नातला ‘जुनी’ हा शब्द. गीतमाला नव्या गाण्यांची होती. जुन्या गाण्यांसाठी सकाळी साडेसातचा अर्धा तास राखलेला असे आणि त्याची अखेर कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई. सैगल लागला की आठ वाजत आले, हे घड्याळ नसलेल्या घरातही कळत असे. हे शक्य झाले ते कोलंबोच्या ग्रंथालयातील मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांमुळे. इतर ठिकाणी फुटून किंवा भंगारात जाऊन संपलेल्या कित्येक तबकड्या तेथे कपाटात जपल्या गेल्या. आमच्यासारख्या संग्राहकांना त्या केंद्राचे खरे मोल यातच वाटते. गीतमालेचे कौतुक इतरांनी पुरेसे केले आहे.

दिल्लीला शहाणपण आले ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती या आकाशवाणीच्याच मनोरंजन सेवेच्या रूपाने. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथे जाहिराती सुरू झाल्यावर सिलोनकडचा पैसा हळूहळू इकडे वळू लागला आणि १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली. सकाळचा अर्धा तास मात्र त्यानंतरही कोलंबोहूनच लागत राहिला, कारण त्याला लागणारा ऐवज त्यांच्या कपाटात आधीपासूनच होता.