नावेचं नाव

मेच्या अखेरीला मालवणहून मामेभावाचा फोन आला. "दादा, होडी घेतलंय." अभिनंदन, किती सिलिंडरचं इंजिन, कितीला पडली, हे सगळं झाल्यावर खरं काम बाहेर आलं. ऑनलाइन अर्ज भरायचा होता. मुंबईत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला जगातले सगळे फॉर्म भरता येतात, अशी माझ्या आजोळी एक समजूत आहे आणि ती मोडायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. होडी रत्नागिरीकडच्या एका मालकाची, दुसऱ्या हातची. ती भावाच्या नावावर करायची होती. "आणि तसोच होडयेचा नावय बदलूचा आसा," तो म्हणाला.

होडीचं नाव होतं भाग्यलक्ष्मी. या भाग्यलक्ष्मीनं आधीच्या मालकाचे दोन हंगाम तोट्यात घालवले होते आणि इंजिन दोनदा उघडायला लावलं होतं. भावाचा हिशोब सरळ होता. नाव काढलं की त्याचं नशीब त्याच्याकडे परत. हिशोब काही नवा नव्हे. मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू ठेवायचं, म्हणजे यमाला वाटावं की ही वस्तू उचलून नेण्याजोगी नाही. हे करणाऱ्यांचे आपण वंशज. आताशा इंग्रजी स्पेलिंगात एक जास्तीचा ए घालून तेच करतात.

मराठीत पाण्यावर तरंगते तीही नाव आणि हाक मारायची तेही नाव. एक स्त्रीलिंगी, दुसरं नपुंसकलिंगी, एवढ्यावरच आपण ओळखायचं. त्यात वाक्प्रचारांची गर्दी. पोरानं नाव काढलं तर आपण पेढे वाटतो, नावेचं नाव काढायला मात्र पॉलिश पेपर लागतो. आणि 'नाव बुडवली' की 'नाव बुडवलं' हे ऐकताना चुकलं, तरी घरातली रडारड साधारण सारखीच.

अर्ज भरता भरता मी सहज शोधलं, तर पाश्चात्त्य खलाशांचं मत भावाच्या नेमकं उलट निघालं. त्यांच्यात जहाजाचं नाव बदलणं हेच अपशकुनी. समुद्राच्या देवाकडे, ग्रीकांच्या पोसायडनकडे म्हणा किंवा रोमनांच्या नेपच्यूनकडे म्हणा, एक वही असते म्हणे. समुद्रात उतरलेल्या प्रत्येक जहाजाचं नाव तिच्यात चढलेलं असतं. तुम्ही गुपचूप नाव बदललंत की देवाला वाटतं, हे जहाज आपल्याला चुकवून चाललंय. मग तो बघून घेतो. नाव बदलायचंच असेल तर आधी वहीतलं जुनं नाव पुसून घ्यावं लागतं, आणि त्याचा विधी आपल्या सत्यनारायणाइतकाच पद्धतशीर आहे. जुनं नाव असलेली एकूण एक वस्तू होडीवरून उतरवायची: टॉवेल, किल्लीला अडकवलेली पट्टी, पुठ्ठ्यावर छापलेलं नाव, सगळं. ते होईतो नवं नाव लिहिलेला चिटोराही होडीवर चढता कामा नये. मग धातूच्या पत्र्यावर पाण्यात विरघळणाऱ्या शाईनं जुनं नाव लिहून तो नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, समुद्रात सोडायचा. त्यानंतर शॅम्पेन. देवाच्या वाट्याची समुद्रात, चार दिशांच्या चार वाऱ्यांची वेगळी, उरलेली यजमानांची. आणि बाटली स्वस्तातली चालत नाही. देवाला कंजूषपणा कळतो.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, शेजारी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य खलाशी, बसला होता. साठी उलटलेला, वयाच्या बाराव्या वर्षापासून समुद्रावर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शांपेन म्हंजे दारूच मां? मगे ती दर्याक कित्याक ओतूची?"

तरीही तांडेल माझ्याच बाजूचा निघाला, म्हणजे नेपच्यूनच्या. त्याला नाव बदलणं मुळीच मान्य नव्हतं. दर्याला होडी ओळखीची झालेली असते, तिला आता कशाला परकी करायची, असं त्याचं म्हणणं. मी दोन्हीकडचे पुरावे गोळा करू लागलो. अर्ज भरण्यापेक्षा हे काम बरं होतं.

अपशकुनवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे 'मेरी सेलेस्ट'. १८७२ च्या डिसेंबरात अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये हे जहाज समुद्रात भरकटताना सापडलं. कप्तान, त्याची बायको, लहान मुलगी आणि सात खलाशी, दहाच्या दहा माणसं नाहीशी. ती पुन्हा कधीच दिसली नाहीत. आणि हो, हिचं नाव बदललेलं होतं. पण आधीची 'अॅमेझॉन' तरी कुठे सुखात होती? १८६१ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर ती पाण्यात उतरली, आणि पहिल्याच सफरीत तिचा कप्तान आजारी पडून गेला. पुढे १८६७ मध्ये ती वादळात किनाऱ्यावर आदळली, मोडक्या भावात विकली गेली, आणि मग कुठे नाव बदललं. म्हणजे दोन्ही नावांनी छळलं.

उलट बाजूनं इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक. त्यानं १५७८ मध्ये भर सफरीत 'पेलिकन'चं 'गोल्डन हाइंड' केलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून, लूट भरून, धडधाकट घरी आला.

माझा जीव मात्र दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमा करणाऱ्या शॅकलटनच्या जहाजावर जडला. नॉर्वेत १९१२ मध्ये बांधलेलं 'पोलॅरिस', म्हणजे ध्रुवतारा. शॅकलटननं ते विकत घेऊन घराण्याच्या ब्रीदवाक्यावरून 'एन्ड्युरन्स' असं नाव दिलं आणि अंटार्क्टिकाला नेलं. बर्फात अडकून, चिरडून ते १९१५ च्या नोव्हेंबरात बुडालं. झालं? नाही. त्यावरची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माणसं जिवंत परतली. आता याला शकुन म्हणायचं की अपशकुन? २०२२ च्या मार्चमध्ये वेडेल समुद्रात ३००८ मीटर खोल ते सापडलं. फोटोत मागच्या बाजूला 'एन्ड्युरन्स' ही अक्षरं कमानीसारखी स्वच्छ वाचता येतात, आणि त्यांच्या खाली एक पाच टोकांचा तारा. जुन्या नावाचा ध्रुवतारा! तो कोणी काढलाच नव्हता. तांडेलाला फोटो पाठवला. त्याचा उलट एकच शब्द आला: "बघा."

पण मुंबईच्या माणसानं या वादात पडताना इतकं लांब जायचं कारण नव्हतं. आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' मुळात इंग्रजांची 'हर्क्युलिस'. १९६१ मध्ये बेलफास्टला ती भारताची झाली आणि ३६ वर्षं राबली. नंतर मुंबईत तिचं संग्रहालय झालं. 'विराट' आधीची 'हर्मिस'. तिनं १९८७ ते २०१७ आपली सेवा केली, आणि त्याआधी इंग्रजांसाठी फॉकलंडचं युद्ध केलं ते वेगळंच. 'विक्रमादित्य' तर तिसऱ्या नावावर आहे. 'बाकू', मग 'अॅडमिरल गोर्श्कोव', मग आपली. वही असतीच तर एवढाल्या जहाजांच्या नोंदी देवाला दिसल्या नसत्या? विक्रांतला भंगार व्हायला शेवटी जमिनीवर यावं लागलं, आणि तिच्या पोलादाची चक्क मोटरसायकल निघाली. पेट्रोलच्या टाकीत हर्क्युलिस घेऊन पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रजा काढून मालवणला गेलो. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या. भाग्यलक्ष्मी त्यांच्यात कुशीवर कलल्यासारखी उभी होती. नाव नाळेच्या दोन्ही बाजूंना, आणि नुसतं रंगवलेलं नव्हे, लाकडात कोरलेलं. म्हणजे खरवडा, मग खाचांत लांबी भरा, सुकू द्या, घासा, पुन्हा भरा. पेंटरनं पत्रा लावला तशी वरची निळी खपली निघाली, खाली हिरवा, त्याच्या खाली पुन्हा निळा, सगळ्यात खाली शेंदरी. प्रत्येक मालकाचा एकेक थर. 'भाग्य' अर्ध्या तासात गेलं. 'ल'पाशी पेंटरचा हात थांबला. लक्ष्मीवर पत्रा कसा चालवायचा? भावानं माझ्याकडे बघितलं. मी झापांकडे.

मामीनं प्रश्न सोडवला. घरात जाऊन एक जुनं धुवट पातळ आणलं, नाळेखाली अंथरलं, होडीला हात जोडले आणि पेंटरला म्हणाली, "चलव आता. खाली पडाक नको म्हंजे झाला." खपल्या त्या पातळावर पडत राहिल्या. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर तिनं त्यांची पुडी करून पाण्यात सोडली. त्यात किती शिसं असेल याचा विचार मी नंतर केला. त्या वेळी डोळ्यांपुढे शाईनं नाव लिहिलेला तो धातूचा पत्रा आला. मामीनं पोसायडनचं नावही ऐकलेलं नाही.

तांडेल अजून कुरकुरत होता. दर्याक इचारूक नको? वगैरे. मामी पातळ पिळता पिळता म्हणाली, "माझा नाव बदलल्यानी तेव्हा खयच्या देवाक इचारल्यानी? मी खय बुडलंय?"

कोणी काही बोललं नाही. पन्नास वर्षांपूर्वी ताम्हनातल्या तांदळात मामानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, मग तांदूळ सारखे केले, आणि संपलं. तिचं माहेरचं नाव आता वेंगुर्ल्याच्या तिच्या एका भावाच्या तोंडी तेवढं उरलंय. तो आला की ओसरीवरूनच त्या नावानं हाक मारतो. मामी त्या हाकेला 'ओ' देते तो आवाज निराळा असतो. मला तो लहानपणापासून ओळखता येतो, पण कधी बोलून दाखवलं नाही.

नव्या नावावर घरात दोन दिवस खल झाला. भावाला मुलीचं नाव हवं होतं, मुलीला ते मुळीच नको होतं. शेवटी मामीच्या माहेरची देवी सातेरी पुढे झाली आणि बाकीचे मागे सरले. अर्ज मी भरला. भरताना कळलं की खरी वही पोसायडनकडे नाहीच. नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा, बँकेचं कर्ज, सोसायटीतला डिझेलचा कोटा, या प्रत्येक ठिकाणी भाग्यलक्ष्मी बसलेली होती आणि प्रत्येक ठिकाणाहून तिला वेगळं उठवायचं होतं. शॅम्पेनची बाटली त्यापेक्षा स्वस्त पडली असती.

नारळी पौर्णिमेला सातेरी पाण्यात होती. केळीचे खांब, पताका, नाळेला कुंकू आणि झेंडूचा हार. गाऱ्हाणं घालायला वाडीतला एक वयस्क गृहस्थ आला होता. आदल्या रात्री मी त्याच्याजवळ वहीचा विषय सहज काढला होता. अगदी सहज.

"बा देवा समुद्रनारायणा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरान ही होडी इकत घेतल्यान, तिका सातेरी आयचा नाव दिल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या वहीत तिचा आदला नाव लिवलेला आसात, तर ता खोड आणि ह्या नवा नाव लिव!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका दमात म्हटलं. कसली वही, हे कोणीही विचारलं नाही. तांडेलानं फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काय चुकलामाकला असात तर पदरात घे, वाऱ्यावादळात राखण कर, आणि जाळी भरून घराक आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. अर्धं पाणी दर्याला, उरलेलं प्रसादाचं. मीही होडीवर चढलो आणि सवयीनं शोधू लागलो, जुनं नाव कुठे राहिलंय का. केबिनमध्ये चहाच्या किटलीवर नव्हतं, जाळ्यांच्या बोयांवर नव्हतं. तेवढ्यात केबिनच्या मागे टांगलेली ती भगवी रिंग दिसली, बुडणाऱ्याला फेकतात ती. लिहिलेली बाजू आत करून लावली होती. मी उलटवली. 'भाग्यलक्ष्मी, रत्नागिरी.'

"ही रवली," मी तांडेलाला म्हटलं.

"नयी रिंग इकत घेवची लागता," तो म्हणाला आणि रिंग पुन्हा उलटी फिरवली. "आसांदे. बुडणारो माणूस वाचीत बसना नाय."