बोगद्याच्या तोंडाशी वॉकीटॉकी

मालगाडीचा गार्ड म्हणून कर्जत-लोणावळा घाटात काम करताना आमचा इंजिनाशी संवाद चाले तो शिट्ट्या, बावटे आणि रात्री हातदिवा यांच्या आधारे. 37 फुटांना 1 फूट असा हा चढ असल्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात. ओढणारा ड्रायव्हर एका टोकाला, ढकलणारा दुसऱ्या टोकाला आणि वळणांमुळे एकाला दुसऱ्याचे इंजिन दिसतही नाही. अमेरिकेत रेल्वेसाठी रेडिओच्या स्वतंत्र लहरी 1945 सालीच राखून ठेवल्या गेल्या होत्या; आमच्या हाती पाच वॅटचे वॉकीटॉकी आले ते नव्वदच्या दशकात, आणि जुने ड्रायव्हर सुरुवातीला त्यांना खेळणेच समजत.

त्या पावसाळी दुपारी ठाकूरवाडी सोडून मंकी हिलकडे चढत असताना ब्रेक व्हॅनमधल्या, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डच्या डब्यातल्या, व्हॅक्यूम गेजचा काटा झरझर उतरला आणि गाडी थांबली. अशा वेळी आधी हँडब्रेक आवळायचा, कारण गाडीभर गेलेल्या नळीतला व्हॅक्यूम (निर्वात पोकळी) ब्रेक सुटे ठेवतो, आणि तो जाऊन ब्रेक लागले तरी सिलिंडर हळूहळू गळतात आणि मग भरलेले लोड घाटात मागे सरकायला वेळ लागत नाही. ते करून, बँकरच्या ड्रायव्हरला थोपवून, मी पुढच्या इंजिनाला हाक मारली. उत्तरात नुसती खरखर आली. इंजिन बोगद्यात होते, आणि या संचांच्या लहरींना डोंगर आडवा आला की संपलेच.

रेनकोट चढवून वाघिणींच्या कडेने खडीवरून चालत बोगद्याच्या तोंडाशी पोहोचलो, तेव्हा पुढच्या ड्रायव्हरचा आवाज स्वच्छ झाला. “गार्डसाहेब, एक्झॉस्टर चालू आहे, पण व्हॅक्यूम बनत नाही. असिस्टंटला मागे पाठवलंय.” एक्झॉस्टर म्हणजे नळीतली हवा खेचून घेणारा इंजिनातला पंप. आम्ही दोघे दोन बाजूंनी एकेक सांधा तपासत गेलो. एका ठिकाणी वाकलो, तर माझ्या रेनकोटची कड आपोआप दोन वाघिणींमधल्या ब्रेकच्या होज पाइपांच्या सांध्याकडे ओढली गेली. आतला रबरी वॉशर फाटला होता. तो बदलणे किरकोळ काम होते.

खरी कसोटी गाडी सुरू करताना असते. पुढच्या इंजिनाने लोड घेण्याआधी बँकरने जोर लावला, तर वळणावर वाघिणी एकमेकींवर चेपून रुळावरून उतरू शकतात. पुढच्याने एकट्यानेच हिसका दिला, तर कपलिंग तुटते. ही वेळ साधायची शिट्टीवर, आणि धो धो पावसात, बोगद्यातून, ती मागे कितपत पोहोचणार? म्हणून मी तोंडाशीच थांबलो, कारण तिथून मला दोघेही ऐकू येत होते. ब्रेक व्हॅनचा हँडब्रेक बँकरच्या असिस्टंटकडून सोडवून घेतला. मग पुढचा ड्रायव्हर जे बोलेल ते मी जसेच्या तसे मागे सांगत गेलो: “व्हॅक्यूम आला. इंजिन लोड घेतंय. कपलिंग ताणल्या. बँकर, आता द्या, हळू.” वाघिणी एकापाठोपाठ एक खणखणत माझ्यासमोरून सरकल्या, आणि ब्रेक व्हॅन येताच मी पायरीवर चढलो.

वॉकीटॉकी असला तरी नियमाची शिट्टी सुटत नव्हती, आणि पुढच्या ड्रायव्हरने ती दिलीही होती. लोणावळ्याला बँकर सुटल्यावर त्यांचा ड्रायव्हर, तिशीहून अधिक वर्षे घाटात काढलेला माणूस, मला विचारू लागला, “गार्डसाहेब, आज पुढच्याने शिट्टी दिलीच नाही का हो?”